महादूच्या घरातला डागी गाल

आचऱ्यात महादूला हाक मारायची ती लांबूनच. तो झाडावर असायचा, आणि झाडाखाली कोणी उभं राहिलेलं त्याला खपत नसे. खाली आलेला माणूस एक तर फांदी ओढणार, नाहीतर पडलेला आंबा उचलून चांगल्या राशीत टाकणार, नाहीतर मान वर करून विचारणार, "कितके झाले रे?" या तिन्हींवर त्याच्याकडे वेगवेगळ्या शिव्या होत्या.

दुसऱ्यांच्या बागेतले हापूस उतरवून, निवडून, मुंबईच्या आगबोटीसाठी पेट्यांत भरून द्यायचे हा त्याचा धंदा. हापूस नुसता काढता येत नाही. देठ मुळातून तुटला की तिथून चीक पिचकारीसारखा उडतो. दिसायला पाण्यासारखा, पण सालीवर ओघळला की चार दिवसांत तिथे काळी रेघ उमटते. आत गर सोन्याचा असला तरी पेटी उघडणारा तो आंबा बाजूला काढतो. डागी! म्हणून महादू दोन बोटं देठ ठेवूनच आंबा घळीत घ्यायचा. घळ म्हणजे लांब बांबू, टोकाला पातं आणि जाळी. मग सावलीत पेंढ्यावर आंबे पालथे मांडायचे, चीक खाली गळू द्यायचा, आणि त्या वेळात कोणी फळाला बोट लावलं, पुसलं, धुतलं की महादू फांदीवरूनच उसळायचा.

"पुसतंस कित्याक? पुसलंस काय पसारता! ऱ्हवूंदे ना गप सावळेत!"

त्याच्या स्वतःच्या अंगावर मात्र चिकाने भाजलेल्या काळ्या ठिपक्यांची रांगोळी. मनगटावर, कपाळावर, कानामागे. जुने पुसट व्हायचे, नवे पडायचे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "आंबो डागलो तर फुकट जाता. मी काय पेटीत भरून जातलंय?"

बायको गेली ती मुलीच्या, सुगंधेच्या, जन्माच्या वेळीच. पोर वाढवली ती महादूच्या थोरल्या बहिणीने, हौसाबाईने. हौसाबाई विधवा होऊन माहेरी आली ती भावाच्या घराची मालकीण होऊनच. तिला सगळ्या गोष्टींवर औषध ठाऊक होतं. एखाद्या दुखण्यावर ठाऊक नसलं तर ते दुखणंच नाही असं ती धरून चालायची. गावात कोणाचं मूल रडलं तरी हौसाबाई दारात हजर, कनवटीला काहीतरी बांधलेलं.

ते साल अठ्ठावन्न असेल, नाहीतर एकोणसाठ. सुगंधा सातवीची फायनल पास झाली आणि गुरुदास मास्तरांनी तिचा अर्ज रत्नागिरीला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी पाठवला. चैत्र संपता संपता पत्र आलं. नंबर लागला होता. मेअखेरीस मालवणच्या दवाखान्यात तपासून घ्यायचं आणि तंदुरुस्तीचा दाखला जूनच्या पाच तारखेच्या आत रत्नागिरीत पोचवायचा. न पोचल्यास जागा दुसऱ्या उमेदवारास देण्यात येईल. मास्तरांनी हे वाक्य दोनदा वाचून दाखवलं. महादूने तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

पत्र आलं त्याच आठवड्यात सुगंधा झाडाखाली बापाला हात देत होती. घळ खाली आली, तिने जाळीतून आंबा ओढला आणि देठ काडकन मुळातून तुटला. चीक उजव्या गालावर. तिने सवयीने तोंड धुतलं आणि कामाला लागली. संध्याकाळी गाल चुरचुरला, आठ दिवसांत पावलीएवढा काळा डाग उमटला. महादूने बघितलं आणि म्हणाला, "चीक तो. हात लावू नको. जाता आपसूक."

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. कोणाही शहाण्या घरात संपली असती.

पण शेजारची मथुरा पाण्याला आली. घागर ठेवली, सुगंधेच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "गो बाय माझे! ह्या तोंड घेवन तू डाक्टराफुडे जातलंस?"

"कित्याक? काय झाला?" हौसाबाई आतून बाहेर आली.

"काय झाला काय? सरकारी डाक्टर पयले डाग बगता. डाग दिसलो काय म्हारोगी म्हणान वहीत नाव घालता. मगे खंयची मास्तरीण आणि खंयचा काय! पोरांका शिकवूक देतले तिका?"

मथुरेला हे कोणी सांगितलं ते देव जाणे. पण त्या वर्षी सरकारी माणसं गावोगाव महारोगाची तपासणी करत हिंडत होती, अंगावर डाग असलेली माणसं बाह्या खाली ओढून चालत होती, आणि असलं बोलणं वणव्यासारखं पसरत होतं. हौसाबाईने ते खरं धरलं. भावाच्या सांगण्यावर तिचा विश्वास कधीच नव्हता. जो माणूस स्वतःच्या तोंडावरचे डाग घालवू शकत नाही तो काय सांगणार?

पहिलं औषध मथुरेचंच. कागदी लिंबू कापायचं, डागावर चोळायचं आणि उन्हात बसायचं. उन्हात का, तर "रस भितुर मुराक व्हयो." सुगंधेला उन्हात बसायला वेगळा वेळ नकोच होता. अंगणातल्या खळ्यात रातांब्यांची सोलं, म्हणजे आमसुलं, सुकत घातलेली, ती परतायला दुपारभर बाहेरच. चार दिवस लिंबू आणि चार दिवस वैशाखातलं ऊन. पाचव्या दिवशी पावलीएवढा डाग रुपयाएवढा झाला, आणि रस ओघळला होता तिथून हनुवटीपर्यंत तपकिरी पट्टा उतरला. लिंबाच्या रसाने ऊन जास्तच लागतं. उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्या बायांचे हात बघितले असते तरी कळलं असतं. बघतो कोण?

"मुरता तो," मथुरा म्हणाली. "भायर येता सगळा. मगे गळान पडतला."

महादू तेव्हा देवगडच्या बाजूला एका बागेत होता. चार-चार दिवस घरी नसायचा. तो नाही हे बघून हौसाबाईने आपलं औषध काढलं. हे मात्र खास आमच्या मुलखातलं. काजूची बी भाजताना टरफलातून काळं, दाट तेल सुटतं. बी फोडणाऱ्या बाया हाताला राख नाहीतर खोबरेल लावल्याशिवाय टरफलाला हात घालत नाहीत, कारण ते तेल कातडी सोलून काढतं. हे हौसाबाईला पुरतं ठाऊक होतं. तिने आयुष्यात मणभर काजू फोडले होते. पण तिचा हिशोब असा, की कातडी सोलली की वरची काळी जाते आणि खालची गोरी वर येते. तिच्या सासरी एका बाईने तीळ असाच घालवला होता म्हणे. त्या बाईचं पुढे काय झालं ते हौसाबाई सांगत नसे.

माडाच्या पातीची हीर, म्हणजे बारीक काडी, तेलात बुडवून तिने डागावर ठिपका ठेवला. सुगंधा किंचाळली.

"गप. भाजता म्हणजे लागू पडता."

"आत्ये, जळता गो!"

"मास्तरीण होवचा आसा ना? मगे सोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी महादू पेज खायला घरी आला, आणि ताटावर बसलेली पोर तोंडावरचा पदर खाली घेईना. त्याने पदर ओढला. गालावर फोड, फोडाभोवती लाल कडं, खाली लिंबाचा पट्टा. महादूने पेजेची वाटी खाली ठेवली.

"ह्या कोणी केल्यान?"

हौसाबाई चुलीतलं लाकूड आत सारण्यात गुंतली.

"मी इचारतंय, ह्या कोणी केल्यान?"

"औषध लावलंय," हौसाबाई लाकडाला सांगत असल्यासारखी म्हणाली. "तू काय करतलस? तुका पोरीची काळजी आसा?"

"काजीचा तेल? तोंडार?" महादूचा आवाज पडवीतून मथुरेच्या घरापर्यंत गेला. "गो बाये, सत्रा वर्सा तू काजी फोडलंस. हाताक राख लावल्याशिवाय बियेक हात लावणस नाय. आणि पोरीच्या तोंडाक राख लावलंस? हाताची कातडी तुका कळता आणि तोंडाची कळणा नाय?"

"हाताची जाड, तोंडाची पातळ. बेगीन सोलता."

महादू उठला. खळ्यातून एक डागी आंबा घेऊन आला आणि हौसाबाईच्या पुढ्यात ठेवला.

"ह्या बग. ह्याका चीक लागलो. मी काय करतंय? घासतंय? लिंबू चोळतंय? उनात ठेयतंय? सावळेत ठेयतंय आणि हात लावणय नाय. आंब्याक इतक्या कळता. तुमका दोघींका मिळान एका आंब्याइतकी अक्कल नाय!"

"आंबो तो, आणि माणूस माणूस."

"व्हय. आंबो बरो. आंबो आयकता."

त्या दिवसापासून महादूने फर्मान काढलं. पोरीच्या तोंडाला पाण्याशिवाय काही लागणार नाही. फोड फोडायचा नाही, खपली काढायची नाही. आणि ऊन गालावर पडता कामा नये. पदर घेतला तर वाऱ्याने सरकतो. छत्री घरात एकच, तिच्या दोन काड्या मोडलेल्या. म्हणून त्याने माळ्यावरचं इरलं काढलं. इरलं म्हणजे बांबूच्या कांब्यांत पानं गुंफून केलेलं पावसाळी छप्पर, डोक्यावरून पाठीपर्यंत येणारं. लावणीच्या वेळी बाया ते घालून चिखलात वाकतात. ते त्याने भर वैशाखात सुगंधेच्या डोक्यावर घातलं आणि सांगितलं, "घराभायर पाय टाकलंस तर ह्याच्यासकट."

आकाशात ढगाचा तुकडा नाही, जमीन तव्यासारखी, आणि विहिरीवर सुगंधा इरलं घेऊन उभी. गावाला वर्षाची करमणूक झाली.

"गो सुगंधे, पाऊस लागलो काय तुमच्या वाडयेत?"

"बापाशीन नांगर जुपल्यान वाटता!"

पोर रडकुंडीला आली. "बाबा, लोकां हसतत."

"हसूंदेत. दात तेंचे. दाखलो तुझो."

हौसाबाई फणकारत राहिली, पण औषधाचा बुधला तिने चुलीमागे सरकवला. फोड बसला. खपली आपसूक पडली. खाली गुलाबी कातडी, तिच्याभोवती काळपट कडं. लिंबाचा पट्टा मात्र महिन्याभरात बराच फिका झाला. महादू रोज दारात उभा करून गाल तपासायचा, आंबा तपासतात तसा, उजेडाकडे वळवून.

तपासणीचा दिवस आला. आचऱ्याहून मालवणला जायचं म्हणजे मधे खाडी, होडी आणि बरंच चालणं. महादू पहाटेच होडी धरायला पुढे गेला. मागून सुगंधा इरलं घालून निघाली. इरल्याखाली तोंड दिसत नाही, हे महादूच्या ध्यानात यायला हवं होतं. हौसाबाईच्या आलं. तिने आदल्या दिवशी मुंबईहून आलेल्या एका बाईकडून पावडरीचा डबा मागून आणला होता. पोरीला दाराआड घेऊन तिने गालावर असं लिंपण घातलं, की तसं दिवाळीला भिंतीलाही घालत नाहीत.

दवाखान्यात सुगंधेने इरलं काढलं आणि महादूने आपल्या पोरीचं तोंड बघितलं. अर्धं पांढरं, अर्धं सावळं. घामाने पांढऱ्यात चिरा पडलेल्या.

"ह्या काय गो?" तो पुटपुटला. तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

डॉक्टर देशावरचा, बोलायला कमी. त्याने छाती, डोळे, दात तपासले. मग कापूस स्पिरिटात भिजवून उजवा गाल पुसला. पावडर निघाली आणि खालून गुलाबी-काळा चट्टा वर आला. डॉक्टरचा हात थांबला.

"हे लपवलंस का?"

डॉक्टरने महादूकडे बघितलं. "अशा पावडरी लावून माझ्याकडे येणारे बरेच बघितलेत मी. डाग लपवतात आणि रोग वाढवतात. मी दाखला देत नाही. रत्नागिरीला मोठ्या तपासणीला पाठवतो."

"किती दिवस लागतील, साहेब?" महादूने ठेवणीतली मराठी काढली.

"महिना लागेल."

पाच तारीख सात दिवसांवर होती. महादूच्या तोंडून ठेवणीतली मराठी आणखी थोडी निघाली. "साहेब, आम्ही म्हणजे, ते जे आहे ते रोग नाही. ते असं की, ती झाडाखाली होती..." आणि मग त्याचा बांध फुटला. "हट्, माका ह्या भाशेत सांगाक जमणा नाय! साहेब, तो चीक! आंब्याचो! मगे ह्या बायांनी लिंबू लावल्यानी, मगे काजीचा तेल लावल्यानी, आणि आज ही पावडर. माका इचारल्याशिवाय! हो डाग रोगाचो नाय, साहेब, हो डाग माझ्या भयणीचो!"

मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून त्याने पिशवीत सहा आंबे आणले होते. चांगले सगळे आगबोटीने गेलेले, त्यामुळे सहाही डागी. त्यातला एक त्याने डॉक्टरच्या टेबलावर ठेवला, खिशातल्या सुरीने काळ्या रेघेवरून साल उतरवली आणि आतला पिवळाधमक गर दाखवला.

"बगा. भितुर काय आसा? कायव नाय. चीक फक्त सालीक लागता."

डॉक्टरने आंब्याकडे बघितलं. महादूच्या हातांकडे, कपाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "माणसाची साल अशी काढून बघता येत नाही. पण दुसरी परीक्षा आहे. डोळे मीट गं. मी कुठे हात लावतो ते सांगायचं."

सुगंधेने डोळे मिटले. डॉक्टरने कापसाचं टोक हळूच गालाला लावलं.

"हय."

"आता?"

"हय, कानाकडे."

महारोगाचा चट्टा बधिर असतो. कापूस काय, टाचणी टोचली तरी कळत नाही. डॉक्टरने न सांगता टाचणी काढली आणि चट्ट्याच्या मधोमध टोचली.

"आवशीक खाव तुझ्या!" सुगंधा खुर्चीतून उडाली.

आईवरून दिलेली अस्सल मालवणी शिवी होती ती. सुगंधेने दोन्ही हात तोंडावर दाबले. महादूने जमिनीकडे बघितलं. कंपाउंडर मालवणचाच, तो कपाटात तोंड घालून काहीतरी शोधू लागला आणि त्याची पाठ हलायला लागली.

"काय म्हणाली ही?" डॉक्टरने विचारलं.

"लागता म्हणता, साहेब," कंपाउंडर कपाटातूनच बोलला.

"छान. लागायलाच हवं." डॉक्टरने हातावरच्या, गळ्याजवळच्या नसा चाचपून बघितल्या, पाठ बघितली, आणखी चार ठिकाणी टोचलं. मग खुर्चीत बसून काय काय लावलं ते क्रमाने विचारलं. लिंबू ऐकून त्याने मान हलवली. काजूचं तेल ऐकून पेन खाली ठेवलं.

"ऐका. भाजलेली कातडी बरी होताना काळी पडते. तिला जितकं छेडाल तितकी जास्त काळी पडेल. चोळायचं नाही, सोलायचं नाही, लिंबू नाही, तेल नाही. उन्हापासून जपायचं. सहा-आठ महिन्यांत फिकट होईल. दुसरं काही करायचं नाही."

महादू उभाच होता. तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, ह्याच मी दीड म्हयनो बोंबालतंय."

"मग ऐकलं का नाही घरात?"

"माझ्या गळ्यात ती नळी नाय ना!"

डॉक्टर पहिल्यांदा हसला. त्याने दाखला लिहिला: उजव्या गालावर भाजल्याची खूण, संसर्गजन्य त्वचारोग नाही, प्रकृती उत्तम. पाच आंबे त्याने ठेवून घेतले. सोललेला महादूने होडीत बसून खाल्ला. पोरीला विचारलंही नाही, इतका तो तापलेला होता.

गुरुदास मास्तरांनी दाखला पडवीत मोठ्याने वाचला. ऐकायला अर्धी वाडी जमली होती. वाचून झालं, आणि हौसाबाईने कमरेवर हात ठेवले.

"मगे? त्वचारोग नाय लिवल्यान ना? होतो तो गेलो. माझा औषध लागू पडला."

महादू घळ उचलून बागेत निघून गेला. झाडावर एकही आंबा उरला नव्हता.

आणि बघा, माणसाची जात. दोन दिवसांत मथुरा करवंटी घेऊन दारात. तिच्या नाकाडावर वांगाचा काळा पट्टा होता, बरीच वर्षं. तिच्या मागे आणखी दोघी. "हौसाबाये, वायच तेल दी गो. डाक्टरानव मान्य केल्यान म्हणतत."

हौसाबाई बुधला आणायला आत वळली. सुगंधा जात्यावर बसली होती, ती उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

"मथुराकाकी, हयसर ये. उजेडात. ह्यो गाल बग."

मथुरा पुढे झाली.

"चिकाचो डाग पावलीयेवढो होतो. तो आत्येच्या औषधान गेलो, खरा आसा. आता हो जो रुपयायेवढो दिसता ना, हो आत्येच्या औषधाचो. ह्याच्यार औषध काय, ता आत्येक इचार."

मथुरेने गाल बघितला. हौसाबाईकडे बघितलं. करवंटी पदराखाली घेतली. "माका आपला इचारूचा होता," ती म्हणाली, आणि तिघी पायवाटेने गेल्या. हौसाबाई चार दिवस भाचीशी बोलली नाही. बुधला तिने परसात केळीच्या बुडात ओतला. केळ करपली. महादूने हात धरून तिला तिथे नेलं आणि नुसतं बोट दाखवलं. हौसाबाईने पानं उलटीपालटी करून बघितली.

"कीड पडली," ती म्हणाली.

दाखला तारखेच्या आत पोचला. जूनमध्ये सुगंधा रत्नागिरीच्या एसटीत बसली, गालावर चट्टा तसाच घेऊन. गाडी सुटायच्या आधी हौसाबाई खिडकीशी गेली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलली. महादू ट्रंक टपावर चढवत होता. तो वरूनच ओरडला:

"काय लावूक सांगल्यान?"

"कायव नाय, बाबा," सुगंधा म्हणाली. "खोबरेल तेवढा."

"ता पण नको!"

"खोबरेलान काय होता रे?" हौसाबाई खालून तडकली.

"कायव होणा नाय! म्हणानच नको!"

कंडक्टरने घंटी ओढली. महादू टपावरून उतरेपर्यंत गाडी हलली, आणि त्याला पुढच्या वळणावर उडी मारावी लागली.